नेढं

मे महिन्यात परभणीत
सकाळी साडेदहालाच सुईचं नेढं हरवतं.
सुई असते, बोटांत असते,
दोरा थुंकी लावून टोकदार केलेला,
फक्त मधलं भोक कुणीतरी बुजवून गेलेलं.
मग मानेवर ओला पंचा,
माठाखालच्या ओल्या वाळूत पाय,
वीस मिनिटं काही न बघता बसायचं.
नेढं परत येतं.
कधी एकाची दोन होऊन.

गोदूमावशी पहिल्यापासून म्हणायच्या,
उष्णता आहे गं अंगात, सब्जा पी.
तीन वर्षांनी संभाजीनगरच्या डॉक्टरांनी
त्या बोगद्यातून माझं डोकं बाहेर काढलं,
फिल्म उजेडाला धरली, पांढरे ठिपके मोजले
आणि म्हणाले, उष्णतेला जपा.
मावशी अजून फुशारकी मारतात.

वायरवरचं प्लास्टिक सोलतं ना, तसं, डॉक्टर म्हणाले.
मला वायरीतलं कळत नाही.
मी मनात म्हटलं, अस्तर.
नसांचं अस्तर विरलंय.
वरून ब्लाउज नवाकोरा, काठ जागच्या जागी,
गिऱ्हाईक म्हणतं, तब्येत तर छान आहे की, कुंदाताई!
आतली शिवण घालणारीलाच टोचते.

कशानं वाढतं ते लिहून ठेवा म्हणाले.
वेगळी वही कुठून आणू,
मापाच्या वहीतच मागून लिहिते.
पुढून: छाती छत्तीस, बाही दहा, गळा मटका.
मागून: कढत पाण्यानं न्हाले, डावा पाय बाथरूममध्येच राहिला.
लघवीला जळजळ, रात्री ताप, हातातून चमचा सुटला.
दीड वाजेपर्यंत हूक लावले,
सकाळी 'बाही' म्हणायला गेले, जीभ आडवी पडली.
साखरे मॅडम टक्स उसवायला लावून ओरडल्या.
त्या गेल्या, मुंग्या राहिल्या.
नऊ ते बारा लाइट नव्हती.
एवढंच. त्या दिवसाचं पुढं काही लिहिलेलं नाही.

लग्नसराईत वही पुढूनही भरते, मागूनही.
एखाद्या जूनमध्ये दोन्ही बाजू मधे कुठंतरी भेटतील.

आम्रपाली शिकायला येते. बोलते उलीसंच.
एका सकाळी दुकान उघडलं, तर गादीवर
वीस सुया, वीस रंगांचे दोरे ओवलेले,
प्रत्येकाला गाठ मारलेली.
तुला कुणी सांगितलं गं?
कुणी नाही.
दिवसभर मी तिच्याशी धड बोलले नाही.
सुया मात्र वापरल्या. लाल संपला
तेव्हा तिनं न विचारता पुन्हा ओवला.

नणंदेच्या पोरीचं लग्न पाथरी रोडला,
मुहूर्त बारा पस्तीस, वर पत्र्याचा मांडव.
सगळे म्हणाले, कामून येतीस, व्हिडिओ लावतो की.
पण तिचा ब्लाउज मी शिवलेला,
पाठीचा गळा तीनदा उसवलेला, चौथ्यांदा जमलेला.
मोबाईलमध्ये पाठ कोण दाखवतं?
गेले. बर्फाची बाटली पदराखाली धरून,
जावेच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले,
तिला वाटलं, माया आलीय.

तिसऱ्या मंगलाष्टकाला बाटलीचं कोमट पाणी झालं.
पाचव्याला स्टेज पाण्यात ठेवल्यासारखं हलायला लागलं.
अक्षता टाकायला हात उचलला,
तांदूळ माझ्याच पायांवर पडले,
डाव्या पायाला ते कळलेही नाहीत.
तेवढ्यात हार घालायला ती वळली
आणि मला दोन नवऱ्या दिसल्या, शेजारी शेजारी.

नीट बघितलं, जमेल तेवढं नीट.
दोघींचाही ब्लाउज पाठीत बरोबर बसला होता.

पुढं दोन दिवस झोपून होते.
दुकान आम्रपालीनं उघडलं.